जामीनपत्रातली एक ओळ

प्रिय दादा,

तुझा छापखाना बुडाला आणि जामीन राहिलेल्या बहिणीचं घर जाणार, या धास्तीनं तू नऊ वर्षं तोंड दाखवलं नाहीस. आता मुद्दा नीट समजून घे. सही करताना आपण दोघांनीही जामीनपत्र वाचलंच नव्हतं! गेल्या महिन्यात बँकेची नोटीस आल्यावर मी ते ओळ न ओळ वाचलं. माझी हमी फक्त पहिल्या कर्जापुरती होती. ते तर तू यंत्र विकून फेडलंस. दुसऱ्या कर्जाला मी जामीन नाहीच.

बँकेचे अधिकारी म्हणाले, “बाई, एवढं बारीक कोण वाचतं?”

म्हटलं, “साहेब, ज्याचं घर जातं तो.”

आज त्यांनी नोटीस लेखी मागे घेतली. हे पत्र टपालात टाकत नाही. तुला घरी आणायला मीच निघाले आहे.

तुझी धाकटी