कुसळ्याला रंग दिला

३ नोव्हेंबर
कुसळ्या डोंगरावरचं काळ्या दगडाचं बिरोबाचं देऊळ ऑइलपेंटने गुलाबी झालंय. बातमी पक्की — नागेश स्वतः वर जाऊन बघून आला. कित्येक वर्षं हा माणूस या एकाच डोंगराचे फोटो काढतोय. त्याच्या पुस्तकाचा मजकूर मी लिहिला, वेळेत दिला. राहिलं होतं फक्त मुखपृष्ठ : गवत पिवळं पडल्यावरचा डोंगर, माथ्यावर देवळाचा काळा ठिपका. शुक्रवारी छपाई. आणि आता ठिपका गुलाबी!

४ नोव्हेंबर
बारामतीहून मोरगावची एसटी धरली. पुढे पायथ्याच्या वाडीपर्यंत नागेशची मोटरसायकल.
सरपंच सारजाबाई खुशीत. "भाऊ, पुस्तकात फोटू यायचा, मग डोंगर पारोसा ठेवायचा व्हय?"
पायऱ्यांशी फ्लेक्ससुद्धा! अर्ध्या वाडीचे चेहरे, वर 'कुसळ्या डोंगरास हार्दिक शुभेच्छा'.
नागेशने एवढंच विचारलं, "रंग निघंल का?"
म्हातारे गेणबा हसले. "निघाया दिलाय का? दोन हात मारल्यात!"
परतीच्या वाटेवर नागेशने दोनदा गाडी थांबवून मागे वळून डोंगर पाहिला.

५ नोव्हेंबर
मी तोडगा काढला — गेल्या वर्षीचा फोटो छापायचा. नागेश नाइलाजाने कबूल. सारजाबाईंना फोन केला. "जुनाच छापायचा हुता तर आधी सांगायचं की! दिवाळीत माणसं रंगाचं डबं घिऊन डोंगर चढली." मागून त्यांच्या सासूबाईंचा, बानूबाईंचा आवाज — "नव्या नवरीचा जुना फोटू कुणी लावतंय व्हय!"
फोन कट. प्रेमाने केलेल्या घोटाळ्यावर रागावता पण येत नाही.

६ नोव्हेंबर
मुद्रकाचे फोनवर फोन. नागेश माझा फोन उचलत नाही. वैताग!

७ नोव्हेंबर
सकाळी नागेशचा नवा फोटो आला. गुलाबी देऊळ, आणि पायऱ्यांवर अख्खी वाडी — फेटे, ठेवणीतली लुगडी, शेरडं. सगळ्यांत पुढे बानूबाई, कंबरेवर हात. नागेशच्या चौकटीत आजवर माणूस आला नव्हता. खाली एकच ओळ : 'हाच लावायचा.'
माझा मजकूर काढून वाचला. वारा आहे, खडक आहे, गवताच्या जाती आहेत. वाडीतलं एकही नाव नाही.
छपाई थांबवली. मुदत चुकवायची माझी ही पहिलीच वेळ. उद्या पुन्हा वाडीत, वही घेऊन. सारजाबाई म्हणाल्या, "या, समदी घरीच थांबत्यात."