गाल्याच्या टेकडीचं दार

ब्रेस्तोवो,
३ मार्च २००४

तीर्थरूप वेला आत्यास,
झिव्काचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी चष्मा शोध, मग पुढे वाच. आनंदाने माझं अक्षर आज फारच वाकडं आलं आहे. आत्या, आमच्याकडे माणसं आली! खरीखुरी, तिकीट काढून आलेली माणसं!

गेली दोन वर्षं आपल्या प्राणिसंग्रहालयात शेळ्या, एक मोर आणि आमची तिकीट खिडकीवाली स्तांका एवढेच उरले होते. गेल्या शरदात माझ्या हाती कारभार आला, तेव्हा मोराने पिसारा फुलवणंसुद्धा सोडून दिलं होतं. परवाच्या रविवारी आम्ही पाणमांजरांचा ओढा उघडला. जुनी सिमेंटची टाकी फोडून तिथे माती आणली, दगड आणले, उतार केला. माझा अंदाज होता, फार तर शेजारपाजारचे येतील. सकाळी बघते तर फाटकाबाहेर कोट-टोप्या घातलेल्या आज्यांची रांग! स्तांकाच्या हातातलं विणकाम खाली पडलं ते संध्याकाळपर्यंत तिने उचललंच नाही.

नर पाणमांजर चिखलावरून पोटावर घसरत पाण्यात जातो, बाहेर येतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा घसरतो. मादी बिचारी बिळात काटक्या नेण्यात गढलेली. पोस्टातली रुमेना आठवते ना, मला रस्त्यात बघून तोंड फिरवायची ती? ती कठड्याला टेकून मोठ्याने म्हणाली, हा अगदी आमच्या ह्यांच्यावर गेलाय, बायको राबतेय आणि हे घसरगुंडी खेळताहेत. सगळे असे हसले की मोराने घाबरून का होईना, पिसारा उघडला.

आता ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारी पक्ष्यांचं तळं उघडायचं, आणि त्यानंतर गाल्या अस्वलीण. हो, तीच. तिच्या जुन्या सिमेंटच्या खड्ड्यामागची अख्खी टेकडी आम्ही तिच्यासाठी कुंपण घालून घेतली आहे. खड्ड्याच्या भिंती पाडल्या, भर घातली, गवत पेरलं. प्राणिसंग्रहालय ठेवायचं की बंद करायचं, हे नगरसभा येत्या शरदात ठरवणार आहे. नगराध्यक्ष ल्युबेन म्हणतात, लोक परत आले तरच मला तोंड उघडता येईल.

तू ये ना गं. तू आलीस तर तुझ्या हाताखाली शिकलेलं निम्मं गाव तुझ्यामागून येईल, हे तुलाही ठाऊक आहे.

जिन्यावर बर्फ असेल तर काठी घेतल्याशिवाय उतरू नकोस. माया आहेच, ती पत्रातून थोडी पाठवत जा.

तुझी,
झिव्का


गोर्नी दोल,
१४ मार्च

चि. झिव्कास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चष्मा डोक्यावरच होता. तुझं अक्षर आनंदाने बिघडलं म्हणतेस, तर दुसरीपासून तू सतत आनंदातच असली पाहिजेस.

इथे अजून बर्फ आहे. बस कधी येते, कधी येत नाही. शेजारच्या ग्युर्गाने लोणच्याचं पिंप उघडलं आणि सगळ्या आळीला बोलावलं, त्यात माझं जेवण झालं. पाणमांजरांचं वाचून मी एकटीच हसत बसले होते. छान केलंस.

पण मी येणार नाही, झिव्के. रागावू नकोस, कारण समजून घे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी चौथीचा वर्ग घेऊन तिथे आले होते. खड्ड्यात गाल्या उभी होती आणि मान हलवत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बाकीचं जग नाही म्हणताना आणि आपल्या देशात आपण हो म्हणताना हलवतो ना, अगदी तशी. मिरेला नावाची एक चुणचुणीत मुलगी होती वर्गात. तिने मला विचारलं, बाई, ही सारखी हो हो का म्हणतेय, तिला कोण काय विचारतंय? मी चाळीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण त्या दिवशी म्हटलं, चला, बस सुटेल. मुलांना बसमध्ये बसवलं आणि घरी येऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पुढे फाटकाशी फलक घेऊन उभे राहिलो त्यात सगळ्यात पुढे मी होते. लोकांनी यायचं बंद केलं त्याला मीही कारण आहे, आणि मला त्याचा पस्तावा नाही. तू तिथली नोकरी घेतलीस तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते, तेही खरं.

टेकडी केलीत, उत्तम. पण अस्वलीण तिथे स्वतःसाठी फिरणार आहे की तिकीट काढलेल्यांसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. कळेल त्या दिवशी बघू.

जेवणाची हेळसांड करू नकोस. राग असला तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी,
वेला आत्या


ब्रेस्तोवो,
१८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं होतं. भांडणाचं असलं तरी तुझंच ना.

आधी आनंदाची बातमी. तळं उघडलं! पाम रविवारी चर्चमधून लोक हातात विलोच्या फांद्या घेऊन थेट आमच्याकडेच आले. झोळीवाले पेलिकन पांढऱ्या होड्यांसारखे तरंगत होते. आणि गर्दी ऐन भरात असताना वरून एक रानातला करकोचा उतरला, आमचा नव्हे, स्वतःच्या मर्जीने आलेला, आणि पेलिकनांच्या मधोमध ऐटीत उभा राहिला. सगळ्यांनी एक मार्चपासून मनगटावर बांधलेले, करकोचा दिसला की सोडायचे लाल-पांढरे दोरे तिथल्या तिथे सोडले आणि काठावरच्या विलोला बांधले. ते झाड आता नवरीसारखं दिसतंय. रुमेना रडत होती, आणि वर म्हणत होती, डोळ्यात काहीतरी गेलं.

आता काळजीची. ल्युबेनना इतका हुरूप आला की त्यांनी मला न विचारता जाहीर करून टाकलं, सहा मेला, सेंट जॉर्जच्या सणाला, गाल्याची टेकडी उघडणार. बँड ठरवला, छायाचित्रकारांना बोलावलं. पण गाल्याला कुठे सांगितलंय कुणी! तिच्या खोलीचं दार आम्ही ईस्टरपासून रोज उघडं ठेवतो. ती उंबऱ्यापर्यंत येते, नाक बाहेर काढते, वास घेते आणि मागे फिरते. तिची देखभाल करणारे मिन्चोदादा, सगळ्यांचे बाय मिन्चो, दाराबाहेर गवतावर बसून तिच्याशी गप्पा मारतात, सुनेच्या तक्रारीसुद्धा सांगतात, पण ती गवतावर पाय ठेवत नाही. जन्मात तिच्या पायाला माती लागलेली नाही, आत्या. तिला गवताची भीती वाटते.

मी हे ल्युबेनना सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, आदल्या दिवशी उपाशी ठेवा आणि दारासमोर मधाची बादली ठेवा, धावत येईल. नाही आली तर अख्खं गाव हसेल आणि शरदात मी तुमच्यासाठी एक शब्द बोलू शकणार नाही. बाय मिन्चोंनी ते ऐकलं आणि टोपी डोक्यावर दाबून निघून गेले.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथली सगळी माणसं, सगळी जनावरं त्या एका दुपारवर टांगलेली आहेत. तू असतीस तर रागावली तरी असतीस, तेवढाच आधार.

जमलं तर दोन ओळी टाक.

तुझी,
झिव्का


गोर्नी दोल,
७ मे

चि. झिव्कास,
अनेक आशीर्वाद, आणि यावेळी जरा जास्तच.

दोन ओळी टाकल्या नाहीत, कारण मीच आले होते. दचकू नकोस. काल सकाळच्या बसने आले, काळा रुमाल कपाळापर्यंत ओढला आणि बिअरच्या टपरीशेजारी सगळ्यात मागे उभी राहिले.

केवढी ती माणसं! मी म्हटलं, एवढी तर लग्नालाही येत नाहीत. बँडवाले गाल फुगवून वाजवत होते. ल्युबेनचं भाषण झालं, फीत कापली, सगळ्यांच्या माना त्या दाराकडे. दार उघडं, आत अंधार. बँड पुन्हा सुरू झाला. दार तसंच. मग ल्युबेन तुझ्या कानाशी लागला. मला ऐकू आलं नाही, पण त्याचा हात बादलीकडे होता, एवढं लांबूनही दिसलं.

आणि तू आधी काय केलंस, तर बँड थांबवलास! मग भोंगा हातात घेतलास. तुझा आवाज पहिल्या वाक्याला कापत होता, पुढे नाही. तू म्हणालीस, गाल्याने सकाळी पोटभर खाल्लंय, तिला मी उपाशी ठेवलेलं नाही आणि ठेवणार नाही. दार उघडं आहे. तिला वाटेल तेव्हा ती येईल, आज येईल किंवा येणारही नाही. खड्ड्यात होती तेव्हा तिला कधी कुणी विचारलं नाही, यापुढे विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

माझ्या पुढचा एक दांडगा ओरडला, म्हणजे आम्ही काय दार बघायला आलो? काही लोक हसले, काही खरंच निघाले. ल्युबेनचं तोंड भाजलेल्या मिरचीसारखं झालं. वाटलं, संपलं.

तेवढ्यात एका बाईने कठड्याजवळच्या झाडाखाली घोंगडी अंथरली आणि सणाचं कोकरू, पाव, कांदे बाहेर काढले. नवऱ्याला म्हणाली, बस खाली, जेवून घेऊ, ती येईल तेव्हा येईल. त्यांच्याजवळ दुसरे बसले, मग तिसरे. बघता बघता सगळी हिरवळ भरली. आणि लोक हळू बोलत होते, झिव्का! घरात बाळ निजलेलं असावं तसे. त्या दांडग्यालाही कुणीतरी कोकराची तंगडी दिली, मग तोही खाली बसला.

गाल्या आली नाही. पण उतरत्या उन्हात उंबऱ्याशी तिचं नाक दिसलं, काळं, ओलं, चमकणारं. मला तेवढं पुरलं.

जाताना ल्युबेन गाठ पडला. मी नुसती हाक मारली आणि पन्नाशीचा तो बाप्या हातातली सिगारेट पाठीमागे लपवून सरळ उभा राहिला. म्हणाला, बाई, तुमच्या भाचीने गावासमोर माझी शोभा केली. मी म्हटलं, गाढवा, तिने काहीही न दाखवता गावाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, तुला भाषणाने जमलंय का कधी?

तुला भेटले नाही. भेटले असते तर रडले असते, आणि तू मला तसं कधी पाहिलेलं नाहीस. बस. तुझ्यावरची माया आता अभिमानासकट.

तुझी,
वेला आत्या


ब्रेस्तोवो,
२९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लबाड कुठली! टपरीशेजारी म्हणे! पत्र वाचून मी स्तांकाला मिठी मारली, तू हाताशी नव्हतीस म्हणून.

आत्या, ती आली! मंगळवारी, बारीक पाऊस असताना, भरदुपारी. गर्दी नव्हतीच. तळ्यावर फोटो काढायला आलेलं एक नवं जोडपं छत्रीखाली टेकडीजवळ उभं होतं, त्यांनाच आधी दिसलं. नवरीने तोंडावर हात दाबून धरला, पण ओरडली नाही. गाल्याने एक पंजा गवतावर ठेवला, उचलला, हुंगला, चाटला. मग दुसरा. आणि मग ती अख्खी बाहेर आली, एवढी मोठी, पावसात, आणि गवतात तोंड घासू लागली. बाय मिन्चो भिंतीकडे तोंड करून उभे राहिले ते कितीतरी वेळ वळलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकापासून पावाच्या दुकानापर्यंत रांग! ल्युबेनही रांगेत, टाय न लावता.

पण तुझ्यापासून काय लपवू? गाल्या टेकडीवर फिरत नाही. दारापासून निघते, थोडं चालते आणि वळते, परत येते आणि पुन्हा तिथेच वळते. जुन्या खड्ड्याची भिंत जिथे होती, बरोबर तिथे. भिंत नाही, नुसतं गवत आहे, पलीकडे सगळं रान आहे, तरी ती त्या जागी वळते. बाय मिन्चोंनी पलीकडे सफरचंदं ठेवली. मान लांबवून पोचतील तेवढी खाते, पाय पुढे टाकत नाही.

मला वाटलं, लोक पुन्हा आमच्यावर थुंकतील. म्हणून मी कठड्याशी उभी राहून सगळ्यांना खरं तेच सांगते, इथे भिंत होती, ती अजून तिच्यासाठी आहे. लोक ऐकतात आणि निघून जातात. पण आत्या, तेच लोक परत येतात! पावाच्या दुकानात, पोस्टात, न्हाव्याकडे सगळीकडे एकच प्रश्न, ओलांडलं का? रुमेना तर शिक्के मारता मारता विचारते. उभ्या गावाने श्वास धरून ठेवलाय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला लांडग्यांच्या जोडीसाठी सोफियाला जावं लागेल. तेवढे दिवस तू माझ्या घरी येऊन राहशील का? स्तांका आणि बाय मिन्चो सगळं बघतील, पण लोकांशी बोलायला कुणीतरी हवं, आणि तुझ्याइतका दरारा कुणाचा आहे?

वाट बघते. जेवणाची चिंता नको, तुझ्या आवडीची चीज भरलेली बनित्सा भाजून ठेवते.

तुझी,
झिव्का


ब्रेस्तोवो, गाल्याच्या कठड्याजवळून,
९ जून

चि. झिव्कास,
आशीर्वाद घाईत देते आहे, गोड मानून घे.

कागद स्तांकाच्या तिकिटांच्या गठ्ठ्यातला आहे, मांडीवर धरून लिहिते आहे, तेव्हा आज अक्षरावरून तू मला बोल. ल्युबेन सकाळी सांगून गेला, बंद करण्याचा विषय नगरसभेने कागदावरूनच काढून टाकला. लांडग्यांना बिनधास्त हो म्हण. पण ही बातमी मोठी नाही. मोठी ऐक.

मघाशी गाल्या नेहमीसारखी येऊन वळायच्या जागेशी थांबली. तिथे बीच झाडाचं एक मूळ जमिनीतून वर आलंय. तिने ते नखाने उकरलं. खाली मुंग्या असाव्यात. तोंड मातीत खुपसलं आणि मुळाच्या मागोमाग उकरत निघाली, फुरफुरत, माती उडवत, शेपटीकडचा भाग वर. मूळ जिथे जाईल तिथे ती. बाय मिन्चोंनी माझा दंड एवढा आवळला की उद्या निळा पडेल. कठड्याशी शंभरेक माणसं असतील, पण कुणाची खोकण्याची छाती होईना. आणि ती गेली! गेली, झिव्का! तिचं लक्षसुद्धा नव्हतं. भिंतीतून आरपार गेली आणि तिला कळलं ते पलीकडे.

मग डोकं वर केलं, नाकावर माती. मागे वळून पाहिलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, सगळ्यांदेखत. मला वाटलं, आता परत फिरेल. ती खाली बसली, पाठ झाडाला घासली, आणि उठून चढ चढू लागली.

अजून चढते आहे. मी लिहिते आहे आणि बघते आहे. आता बर्चच्या झाडांत शिरली. पाठ दिसतेय... आता तीही नाही. टेकडी नुसतीच हिरवी, अस्वलीण कुठेच दिसत नाही, आणि आमच्या गावची माणसं, तिकीट काढून आलेली माणसं, त्या रिकाम्या टेकडीकडे बघून टाळ्या वाजवताहेत.

तुझी,
वेला आत्या