फुंकर दोनशे तीस

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिली आली पुतळाबाई! मी रिक्षातून उतरून अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तर ही दारात हजर. मासळीची पाटी जिन्यात ठेवून. मागून वरच्या मजल्यावरची श्रुतिका, तिच्यामागे तिची सासू. सगळ्यांचं एकच — काय केलं गो त्या पवईवाल्या मॅडमनी?

सांगितलं सगळं. सुयोगने नेलं. लेकाचा थोरला, आता पवईलाच राहतो, दिवाळी-गणपतीलाच तोंड दिसतं. कायरोप्रॅक्टर म्हणतात त्या बाईला, मणके मोकळे करते. नाव रेवती. वय पोरीचं, हात पहिलवानाचे! पालथं झोपवलं आणि पाठीत कटाकट — मला वाटलं, गेली म्हातारी. उठले तर पाठ फुलासारखी. मग सुयोग तलावावर घेऊन गेला. कणीस खाल्लं, लिंबू-मीठ जास्त लावून. दोन तास नातू माझा एकटीचा! फोनसुद्धा खिशात.

रिक्षात म्हणाला, "आजी, दम्याला फरक पडत असेल तर दर गुरुवारी नेतो."

पुतळाबाईने पण तेच विचारलं, तिलाही माझ्यासारखाच दमा. "आणि दमा गो?"

"दमा पण! नळी फुंकली तर दोनशे ऐंशी. पंपच सोडला!"

खोटं. छातीच्या डॉक्टरांनी दिलेली श्वासाचा जोर मोजायची नळी आत्ता फुंकली. २३०. काल २३०, परवाही तेच. ती रेवती तर तोंडावर म्हणाली होती, "आजी, पाठ मोकळी होईल, पण दमा याने जात नाही. पंप सोडायचा नाही." सुयोग तेव्हा बाहेर बाकावर होता. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा गुरुवार कुठला?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फुंकर २२०. समोरच्या टॉवरची धूळ. खिडकी बंद, तरी भांड्यांवर थर. पंप घेतला, गुळण्या केल्या. दोन भाकऱ्या थापल्या आणि बसून राहिले. पीठ मळायलाही श्वास लागतो, हे कोणाला सांगायचं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

परत कटाकट, परत कणीस! सुयोगने साहेबाची नक्कल करून दाखवली, मी हसून हसून खोकले. घाबरला बिचारा. "दम लागला?" म्हटलं, "छे रे, झकास आहे." तर तोच हसायला लागला — "आजी, तू झकास म्हणतेस?"

फुंकर २३०. त्याला २९० सांगितली. आकडा आपला वाढवतच चाललेय मी. तिसरीत मास्तर म्हणायचे, सुगंधाला गणित येत नाही. आता बघा म्हणावं.

रविवार, १६ नोव्हेंबर

पुतळाबाई आली, बांगडे घेऊन. हातातलं ठेवायच्या आधीच म्हणाली, "मी पण सोडला गो पंप. दोन्ही, रोजचा नि अडीनडीचा."

मी बांगडे घेऊन ओट्यावर ठेवले.

तिचं दुःख वेगळं. पाटीवर बसून पंप तोंडाला लावला की गिऱ्हाईक बघतं. एक बाई पापलेट हातात घेतलेलं परत ठेवून गेली. दुसरीला म्हणाली, टीबी असेल. "चाळीस वर्षं बसते मी तिथं," पुतळाबाई म्हणाली. "तुझ्या मॅडमकडे नंबर लागत नाय. साकीनाक्याला एक हाडं बसवणारा आहे, त्याच्याकडून पाठ मोडून आले. तुझे दोनशे ऐंशी होतात, माझे का नाय?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. सून चहा घेऊन आली. ती सुयोगला सगळं सांगते. मी एवढंच म्हटलं, "एखादा हाताशी ठेव गो."

"तू ठेवतेस?"

लुगड्याच्या आत कमरेला माझा अडीनडीचा निळा पंप टोचत होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फुंकर २२०. तलावावर गेलो. कणीस अर्धं टाकलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अकराच्या सुमाराला पुतळाबाईची सून नेत्रा धावत आली. "आजी, पंप आहे का? आई बघा कशा करतायत!"

बाजार आमच्या फाटकासमोरच. दोन जिने मी कशी उतरले, माझं मला माहीत नाही. पुतळाबाई पाटीला टेकलेली, ओठ काळेनिळे, मान ताणून हवा ओढतेय. छातीतून शिट्टी. माणसं नुसती गोल करून उभी! कोणी पाणी पाजतंय, कोणी कांदा हुंगवतंय. मी सगळ्यांसमोर कमरेचा पंप काढला, हलवला, तिच्या तोंडात धरला. एक. दोन. परत.

तिने पंपाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

 

रिक्षात घालून हॉस्पिटलात नेली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

फुंकर १८०. ती ऑक्सिजनवर. नेत्रा म्हणते, डॉक्टर काही सांगत नाहीत. आज लिहवत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सुयोग आला. म्हटलं, पवईला नाही, हॉस्पिटलात चल.

मास्क निघालाय तिचा. गालावर वळ. अर्धी झालीय. मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. सुयोग, नेत्रा, बाजूच्या खाटेवरची बाई — सगळे ऐकत होते. म्हटलं, दोनशे ऐंशी कधीच नव्हती. दोनशे तीसच. पंप मी एक दिवस सोडला नाही. पाठीला बरं वाटतं, ते खरं. बाकी, नातू नेतो म्हणून बोलले.

मग पुतळाबाई म्हणाली, "एका कणसासाठी गो?"

आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

परत येताना सुयोगने फोन काढला आणि त्यातच बघत बसला. मला दारात सोडलं आणि गेला. संपलं म्हणायचं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

फुंकर २१०.

पुतळाबाईला घरी आणली. नेत्राबरोबर निरोप आला — "उद्या येते. तू फुंक, आकडा मी वाचणार."

सुयोगचाही फोन. म्हणाला, "आजी, रेवती मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दम्याला उपयोग नाही."

"मग नेत का राहिलास रे?"

"तू का येत राहिलीस?"

तोही उद्याच येतो म्हणाला. रविवारी, गुरुवारची वाट न बघता.