माळ्यावरच्या चपला

२९ डिसें., सोम.
सासूबाई आज मोरीतल्या स्टुलावरून उठल्याच नाहीत. पडल्या नाहीत, दुखलं नाही, नुसतं उठता येईना. काखेत हात घालून उठवलं. म्हणाल्या, "गोणी उचलल्यासारखी उचललीस." हसले. ऑफिसात दिवसभर तेच डोक्यात.

२ जाने., शुक्र.
फिजिओच्या मॅडम घरी आल्या. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितलं. सा.बा. दोनदा उठल्या, तिसऱ्यांदा मधूनच खाली. चालतानाही टाच टेकत नाही, पाऊल घासत नेतात. मॅडम म्हणाल्या, गुडघे ठीक आहेत, मांड्यांतलं बळ गेलंय. मग माझ्याकडे बघून, "किती दिवस बसून आहेत?"
"एप्रिलपासून," सा.बा. म्हणाल्या.
चहा हातात, पाणी हातात, भाजीचं ताट मांडीवर. सगळं मीच. शेजारच्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं.

५ जाने., सोम.
व्यायाम सुरू. सा.बा. म्हणतात, शाळेत पोरींना उठाबशा काढायला लावल्या, आता माझी पाळी. संक्रांतीला गेटजवळच्या बाकावर मैत्रिणींना तिळगूळ द्यायला खाली जायचंच म्हणे. धायरीतली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बत्तीस पायऱ्या.

९ जाने., शुक्र.
मॅडमनी सा.बां.च्या जुन्या, बाहेर घालायच्या चपला मागितल्या. तळ कुठे झिजलाय त्यावरून पूर्वीची चाल कळते. पटकन बोलून गेले, "टाकल्या वाटतं." सा.बा. खिडकीबाहेर बघत होत्या.
टाकलेल्या नाहीत. माळ्यावर आहेत, कुकरच्या खोक्यामागे. एप्रिलात त्या एकट्याच भाजीला गेल्या, फोन घरी. शोधायला ऑफिसातून धावत आले, साहेब वाटेल ते बोलले. त्याच संध्याकाळी चपला वर टाकल्या. सा.बा. शोधायला लागल्या तेव्हा म्हटलं, नव्या आणू. आणल्या नाहीत. इतके दिवस याला काळजी म्हणत होते. सोय होती माझी.

१३ जाने., मंगळ.
आज सलग सहा वेळा उठल्या. त्या आंघोळीला गेल्यावर चपला काढून पुसल्या. दोन्ही टाचेशी सारख्या झिजलेल्या. घरातल्या स्लिपर मात्र पुढून. मॅडमनी सांगायची गरजच नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. सगळं सांगितलं, रडले.
"मला माहीत होतं," म्हणाल्या. "स्टूल ओढल्याचा आवाज आला होता."
मग विचारलं का नाहीत?
"तुला नोकरी सांभाळायची होती. म्हटलं, बसते."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
दुपारी माझा हात धरून आठ पायऱ्या, मधल्या वळणापर्यंत. वर यायला वीस मिनिटं. म्हटलं, तिळगूळ मी देऊन येते. तर म्हणाल्या, "ठेव डब्यात. रथसप्तमीपर्यंत चालतो."

१९ जाने., सोम.
ऑफिसला निघताना विचारलं त्यांनी, "मी एकटी वळणापर्यंत जाऊन बघू का?"
'नको' अगदी ओठांवर होतं. मला विचारायची सवय लागलीय त्यांना. ती मी लावली.
कठड्याला धरा आणि फोन जवळ ठेवा, एवढंच म्हटलं. चपला पुसून दाराबाहेर सरळ करून ठेवल्या. बसमध्ये बसेपर्यंत चारदा मागे बघितलं.
संध्याकाळी आले तेव्हा चपला होत्या तिथेच होत्या, पण तळाला जिन्यातली धूळ. कुठवर गेलात, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तिळगुळाचा डबा अजून भरलेलाच आहे.