राणीची ओटी

२ जुलै १९६२, सोमवार. मेहकर.
फिरते प्राणिसंग्रहालय पावसाळाभर कापसाच्या जिनिंगच्या आवारात मुक्कामाला राहिले आहे. वाघ खोकतो. माकडे बरी आहेत. आफ्रिकेचे दोन हत्ती आहेत, एक मोठा आणि एक लहान. मॅनेजर निजामसाहेब मुंबईला जाण्यापूर्वी मला बोलावून म्हणाले, "जानरावजी, तुम्ही गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीला, ड्रेसर होता. कागदावर ही जोडी आहे. पिल्लू होईल असे काही दिसले तर ठेवू. नाहीतर दिवाळीनंतर दोघांना दोन वेगळ्या प्राणिबागांत पाठवून देणार."
मी हो म्हणालो. हत्तीला कधी हात लावलेला नाही. पण शेवटी जनावर ते जनावर. गायीचे कळले की बाकीचे कळते.
संकल्प: हत्तीचे ब्रीडिंग पोळ्याच्या आत मार्गी लावणे. सुपारी सोडणे.

३ जुलै
पहिला पॉइंट, नर कोण आणि मादी कोण. माहूत शकूर म्हणाला, "मले आठच रोज झाले, मी उंटावर होतो. तुमीच पाहा ना वाकून." मी वाकलो. मोठ्याने शेपूट हलवली. मी सरळ झालो. तशी वाकायची गरजही नाही. मोठे सुळे तो नर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मोठ्याचे सुळे हातभर, लहानाचे वीतभर. मोठा राजा, लहान राणी. पाटीवर खडूने लिहून टाकले.
घरी बायकोने, रुक्मिणीने, पुन्हा तोच विषय काढला. मुलाच्या, शालिग्रामच्या, लग्नाला सहा वर्षे झाली, पाळणा नाही. बुलढाण्याचा डॉक्टर म्हणतो नवराबायको दोघांनाही आणा. मी म्हणालो, पुरुषाला काय तपासायचे? ती म्हणाली, "काऊन नाही तपासायचं?" मी ऐकू न आल्यासारखे केले.

११ जुलै
राजाच्या कानशिलातून पाणी गळते. हा मद, नर माजावर आल्याची खूण. शकूर घाबरला. मी कुंपणाबाहेर होतो. सगळे माझ्या अंदाजाप्रमाणे चालले आहे.

१५ जुलै, रविवार
लाजिरवाणा प्रकार. राणी राजाच्या अंगावर चढली. भर सकाळी, दुधाच्या बायका रस्त्याने जात असताना. मी धोतराचा सोगा तोंडाला लावला. गायसुद्धा माजावर आली की दुसऱ्या गायीवर चढते, तेव्हा शास्त्राला सोडून नाही. पण नवऱ्याच्या अंगावर? शकूरला ढोल बडवायला लावून तिला खाली उतरवली. शकूर म्हणे, "डाक्टरसाहेब, चढू द्या ना, त्याहीचं त्याही पाहून घेतील." अडाणी माणूस.
मला डॉक्टरसाहेब म्हणतो. मी अजून दुरुस्त केलेले नाही.

१९ जुलै
पुन्हा चढली. पुन्हा ढोल. आता तिला वेगळी बांधली आहे. वळण लागल्याशिवाय सोडायची नाही.

२४ जुलै
राणीला खुंट्याला बांधून राजाला मागून आणून उभा केला, वळू दाखवतात तसा. राजाने राणीपुढचे गवत खाल्ले. मग सोंडेत चिखल घेतला आणि माझ्यावर मारला. बाजाराच्या दिवशी तसाच गावातून घरी आलो. सूनबाईने पाणी तापवून दिले. ती हसली नाही. हसली असती तर बरे वाटले असते.

२ ऑगस्ट
निदान झाले. दोष राणीत आहे. वांझ. जेवताना हे सांगितले. सूनबाई भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज थांबला. मी हत्तीबद्दल बोलत होतो. मग उंद्रीच्या अर्जुनरावांची मुलगी लग्नाची आहे, असेही बोलून गेलो. ते मात्र हत्तीबद्दल नव्हते. शालिग्राम ताटात पाहत राहिला. मुलगा पहिल्यापासून आज्ञाधारक.
रुक्मिणी म्हणाली, "तुमच्या जिभेले हाड हाये का नाही?"
नंतर फार लाज वाटली. ॲसिडिटीही असेल.
संकल्प: जेवताना न बोलणे.

९ ऑगस्ट
शास्त्र थकले, आता देव. गावच्या बायका तशाही हत्तीला नारळ दाखवायला येतात. श्रावणातल्या शुक्रवारी राणीची ओटी भरायची. शेजारच्या जनकाबाईने पुढाकार घेतला आहे. पहिली ओटी आमच्या सूनबाईने, सोजराने, भरायची, म्हणजे दोघींचे काम होईल. एका मांडवात दोन लग्ने. सूनबाई म्हणाली, "मामाजी, मले लोकाहीत नका उभं करू." मी म्हणालो, अगं, कोण बघतंय?
लाउडस्पीकर सांगून ठेवला आहे.

१७ ऑगस्ट, शुक्रवार
लिहवत नाही. पण लिहिले नाही तर झोप लागणार नाही.
राणीच्या पाठीवर हिरवे लुगडे घातले होते, कपाळाला कुंकू. आवार बायकांनी भरले होते. निजामसाहेब मुंबईहून परत आले, त्यांना पुढची खुर्ची दिली. मी दोन शब्द बोललो. ही राणी आणि माझी सून समदुःखी आहेत, असे बोललो. बोलून झाल्यावर लाज वाटली, पण लाउडस्पीकरमधून गेलेला शब्द परत येत नाही. सूनबाई खाली मान घालून ताट घेऊन पुढे आली. नारळ पुढे केला. तेवढ्यात शकूरने राजालाही प्रसादाला म्हणून आणून उभे केले. राणीने त्याच्याकडे पाहिले. आणि मग जे दिसायचे ते सगळ्यांना दिसले. जमिनीला टेकेल इतके. जन्म बैलांत घालवला, पण असे पाहिले नाही. शंकेला जागा उरली नाही.
सगळ्या बायकांचे पदर तोंडाला. जनकाबाई माझ्या शेजारीच उभी होती, म्हणजे माइकच्याही. ती ओरडली, "अवं माय! आपुन नवरदेवाची ओटी भरून राह्यलो वं!"
बसस्टँडपर्यंत ऐकू गेले म्हणतात.
निजामसाहेबांनी शकूरला काहीतरी विचारले. मग मला विचारले, "जानरावजी, हा अंगावर चढत होता तेव्हा तुम्ही काय केलेत?" मी म्हणालो, ढोल वाजवले.
सगळे हसत होते. सूनबाई हसली नाही. तिने ताट खाली ठेवले आणि घरी गेली.

१८ ऑगस्ट
सूनबाई सकाळच्या मोटारीने साखरखेर्ड्याला माहेरी गेली. ट्रंक घेऊन. हवापालट असेल.
रुक्मिणी बोलत नाही. ताट सरकवते.

१९ ऑगस्ट
निजामसाहेब म्हणतात, आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात, आणि कानशिलेही गळतात. मग हे आधी सांगायला नको? चूक आफ्रिकेची आहे.
पाटी पुसली. नवी नावे सुचली नाहीत.

२२ ऑगस्ट
दोघांना मोकळे सोडून आठवडा होत आला. लहान जवळ जात नाही. शकूर म्हणतो, मोठीने सोंड लावली की तो आधी ढोलाकडे पाहतो. मी ढोल घरी आणून माळ्यावर टाकला. निजामसाहेबांनी दोन बागांना तारा केल्या आहेत.

२५ ऑगस्ट, शनिवार
साखरखेर्ड्याला गेलो. मोटारीत एकाने विचारले, "काहो, राणी कशी हाये?" मी खिडकीबाहेर पाहिले. पुढच्या बाकावरच्याने मागे वळून तेच विचारले.
व्याही भगवंतराव या बसा म्हणाले आणि गोठ्यात गेले ते आलेच नाहीत. सूनबाईने ताक दिले. म्हणाली, "मामाजी, मी येईन. पण आंधी त्याहीले डाक्टरले दाखवा. मी दोनदा दाखवून आली. माह्यात काई नाही म्हनते डाक्टर."
हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असेल. मी ऐकू न आल्यासारखे केले असेल.
ताक चांगले होते. एकटाच परत आलो.

३० ऑगस्ट, पोळा
दोन महिने साऱ्या मेहकरात हत्तींच्या संसारावर बोललो. लाउडस्पीकरवरही बोललो. आता पोटच्या पोराला एक वाक्य सांगायचे आहे तर तोंड उघडत नाही. काल सुरुवात केली आणि त्याला पोस्टातले काम कसे आहे ते विचारले. बरे आहे म्हणाला.
संध्याकाळी वेशीत पोळ्याचे ढोल वाजले. तिकडे आवारात लहान हत्ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. शकूर सांगत आला. मी दार लोटून घेतले.

३१ ऑगस्ट
सांगितले. शालिग्राम ओट्यावर सायकल पुसत होता. म्हणालो, "बुलढान्याच्या डाक्टरले एकदा दाखवून ये."
त्याने चाक फिरवून दुसरी बाजू पुसायला घेतली. मग वर न पाहता म्हणाला, "मले काय झालं, बाबा?"
मी म्हणालो, "काई नाही. राणीलेबी काई झालं नव्हतं."