आर्डिसचा कोपरा

२ नोव्हेंबर, रविवार

गव्हर्नर डेल आज कॅफेत येऊन गेले. माजी गव्हर्नर खरं तर, पण इकडे अमेरिकेत पद जातं, संबोधन जात नाही. डोकं डावीकडे झुकवून ऐकतात. मी बोललो, झुकवलं. कॉफी ओतणारी बोलली, झुकवलं. मग कोणीच काही बोलेना, तरी झुकलेलंच. मानेचं काही दुखणं असावं.

शेजारी व्हर्लिन हाउगेन बसला होता. माझ्या कुंपणापलीकडचा. जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला त्यानं. डेल बाहेर पडल्यावर म्हणाला, "चांगला माणूस आहे. जिंकेल."

"जिंकेल म्हणून चांगला?"

"मग दुसरं कशावरून ओळखायचं?"

५ नोव्हेंबर, बुधवार

पुण्याहून देवधरांचा फोन. संपादक असल्यामुळे त्यांना सगळं एका ओळीत हवं असतं. "बावीस वर्षं आयोवात काढलीत. अध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला, एका ओळीत सांगा."

म्हटलं, आमच्याकडे ते जानेवारीत ठरतं. तेही फक्त आमच्या, सर्वांत आधी कौल देणाऱ्या राज्यापुरतं. मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. शाळेच्या व्यायामशाळेत गाव जमतं आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांदेखत. मग डोकी मोजतात. शंभरांत पंधरासुद्धा जमले नाहीत तर तो कोपरा बुडाला. तिथल्यांनी मग जमीन तुडवत दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं. यालाच कॉकस म्हणतात.

"म्हणजे खो-खो?"

"साधारण. फक्त खो द्यायच्या आधी लिंबाच्या वड्या देतात."

"हे लिहू नका," म्हणाले. मग लगेच, "नाही, हे लिहाच."

९ नोव्हेंबर, रविवार

वार्तापत्रासाठी चौघा उमेदवारांची मापं काढून ठेवतो. संस्कृत नाटकवाल्यांनी नायकाचे चार प्रकार करून ठेवलेत. हे चार गृहस्थ — तीन गृहस्थ आणि एक बाई — त्यांत असे चपखल बसतात की आयोवा हा भरतखंडाचाच एखादा विसरलेला प्रांत असावा.

डेल धीरोदात्त. उंच, गंभीर, क्षमाशील. क्षमा कशाबद्दल ते कळत नाही, पण आपल्याला केल्यासारखी वाटते.

सिनेटर कॅरोलाइन विथर्स धीरोद्धत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची योजना आहे. गेल्या आठवड्यात पेट्रोलपंपावर कुणीतरी सहज म्हणालं की आज वारा फार आहे. बाईंनी वाऱ्याचीही योजना सांगितली, पोटकलमांसकट.

काँग्रेसमन मार्चेट्टी धीरललित. वय बेचाळीस, दिसतात तीस. शेतकऱ्यांना भेटायला चौकड्यांचा शर्ट घालून येतात. त्यावर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच असतात. डुकरं पाळणाऱ्या दोघा भावांसमोर त्यांनी गाणं म्हटलं. भाऊ म्हणाले, "आवाज बरा आहे." आयोवात ही स्तुती नव्हे, निरोप आहे.

उरले सिनेटर ओवेन पिलबीम. धीरप्रशान्त. राजकारणात येण्यापूर्वी भूगर्भशास्त्र शिकवत. अजूनही त्याच वेगानं बोलतात — थर साचत जावा तसे. ग्रंथालयात जमिनीखालच्या पाण्यावर त्यांचं भाषण झालं तेव्हा पहिल्या रांगेतले दोघे झोपले. पिलबीमांनी त्यांना जाग येऊ नये म्हणून आवाज खाली आणला. माणूस म्हणून मला तेच आवडले. म्हणजे ते हरणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आर्डिस कुंपणाशी आली. व्हर्लिनची बायको. तीस वर्षं शाळेची बस चालवली. गावातला पन्नाशीखालचा बहुतेक प्रत्येक जण तिच्या बसमधून शाळेत गेलाय. परवा बँकेचा मॅनेजर रस्ता मध्येच ओलांडत होता, तिनं नुसतं पाहिलं. तो मागे फिरून कोपऱ्यापर्यंत चालत गेला.

ती पिलबीमांची गावातली म्होरकी. का, तर उन्हाळ्यात ते भेटले तेव्हा तिला विचारलं, "बर्फावर बसचे ब्रेक कसे सांभाळत होतात?" "बाकीच्यांनी नातवंडांचं विचारलं," म्हणाली. "ह्यानं ब्रेकचं विचारलं."

दर चार वर्षांनी आर्डिस असा एक भला, शांत, निरुपयोगी माणूस शोधून काढते आणि दर वेळी तिचा कोपरा बुडतो. मग त्या चकचकीत लाकडी जमिनीवरून, बास्केटबॉलच्या रेघा ओलांडत, ती एकटी पुढे आणि मागून तिचे चार-पाच जण. दर वेळी लोक टाळ्या वाजवतात.

"हसले असते तर चाललं असतं रे श्री," आज म्हणाली. "त्या टाळ्या सोसत नाहीत. या वेळी तेवढं चालणं टळलं ना, की मग तुमचा अध्यक्ष कुणी का होईना."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंगचं जेवण हाउगेनांकडे. टर्की त्यांच्यासाठी, मका, रताळी आणि भोपळ्याचा पाय — गोड सारणाचा भाजलेला पदार्थ — माझ्यासाठी. या घरात आजपासून कॉकसपर्यंत जेवणाच्या टेबलावर राजकारण बंद असतं. व्हर्लिन दर वेळी जिंकणाऱ्याच्या कोपऱ्यात, आर्डिस हरणाऱ्याच्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात दहा कॉकस, दहाही वेळा समोरासमोरच्या भिंतींना टेकून.

"भांडण कधीच नाही?" मी विचारलं.

"भांडायला जवळ असावं लागतं," व्हर्लिन म्हणाला. "मधे बास्केटबॉलचं अख्खं कोर्ट असतं."

"आणि घरी येताना?"

"एकाच गाडीतून," आर्डिस म्हणाली. "मी चालवते. हा गप्प."

६ डिसेंबर, शनिवार

मी स्वतः कोणाचा, हा प्रश्न आजवर पडला नव्हता. सप्टेंबरात नागरिक झालो, आता पडला. पक्षात नाव दारातच नोंदवता येतं. देवधर म्हणतात, "वार्ताहरानं तटस्थ राहावं." पण व्यायामशाळेत तटस्थांसाठीही कोपरा आहे! 'अनिर्णीत' अशी पाटीच असते. चौकशी केली — गेल्या वेळी तिथे कोणी नव्हतं, पण खुर्ची ठेवली होती.

मला साजेशी जागा.

१३ डिसेंबर, शनिवार

विथर्सबाईंच्या कचेरीतून फोन. डेलांच्या कचेरीतून फोन. मार्चेट्टींच्या कचेरीतून फोन, पाठीमागे गिटार. प्रत्येकाला म्हटलं, विचार करतोय. इथे हे नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे, आणि हो म्हणण्याचंही.

आर्डिसनं मात्र मला एकदाही विचारलं नाही. माझ्या दारासमोरचा बर्फ काढून गेली, तोही मी उठायच्या आत. हे विचारणं नव्हे. आर्डिस दर हिवाळ्यात काढते.

३ जानेवारी, शनिवार

पिलबीम पुन्हा येऊन गेले. नऊ माणसं. दोघं चुकून आली होती, चर्चच्या गायनाची तालीम समजून. पण उठून गेली नाहीत. कोणीतरी बोलत असताना उठणं इथे होत नाही.

आर्डिस आज जरा गप्प वाटली. दमली असेल. फोन करकरून घसा बसलाय.

१० जानेवारी, शनिवार

कॅफेत जो तो पिलबीमांबद्दल हळहळतो आणि कोणी त्यांच्याकडे जात नाही. दंतवैद्य म्हणाला, "आर्डिसचं वाईट वाटतं. पण मी विथर्सना शब्द दिलाय." टपालवाली म्हणाली, "तिनं मला एकदा वादळात घरच्या दारापर्यंत सोडलं होतं. पण मत ते मत."

 व्हर्लिननं भोपळ्याचा पाय संपवला, बशी पालथी घातली, सरळ केली, निघून गेला.

१८ जानेवारी, रविवार

उद्या. आर्डिसची स्वतःची मोजणी: सात पक्के, दोन कच्चे. खोलीत ऐंशी जण आले तर बारा लागतील. "मग?" म्हटलं. "मग चालायचं," म्हणाली. आज मात्र ती हे अगदी सहज म्हणाली. मलाच गलबलून आलं.

१९ जानेवारी, सोमवार

आत्ता येऊन बसलोय. 

बरोबर ऐंशी जण. अध्यक्षस्थानी ट्रूडी, टपालवाली. हातात वाजवायला घंटा, शाळेचीच. डेलवाले एका भिंतीला, विथर्सवाले दुसऱ्या, मार्चेट्टीवाले तिसऱ्या — त्यांच्याकडे सर्वांत जास्त वड्या. स्कोअरबोर्डाखाली आर्डिस आणि सात जण. आणि दाराशेजारी, 'अनिर्णीत' पाटीखाली, मी. एकटा. खुर्ची खरोखरच ठेवली होती.

पहिली मोजणी. आर्डिस: आठ. चारांनी बुडाली.

ट्रूडी म्हणाली, "दुसऱ्या मोजणीआधी ज्यांना हलायचंय त्यांनी हलावं. कोणत्याही कोपऱ्यातल्यांनी." हे शेवटचं वाक्य ती दर वेळी म्हणते, आणि तरलेल्या कोपऱ्यातलं कधी कोणी हलत नाही. सगळ्यांनी स्कोअरबोर्डाकडे पाहिलं. आर्डिस कोटाची बटणं लावत होती. लावली. मान ताठ केली. एक पाऊल त्या रिकाम्या जमिनीवर टाकलंसुद्धा. लोकांचे हात टाळीसाठी वर आले.

ते मला पाहवेना. मी पाटीखालून निघालो. वार्ताहर, तटस्थ, संस्कृतज्ञ — सगळं त्या खुर्चीवर ठेवलं आणि चालू लागलो. मनात म्हटलं, माझ्यानं नऊच होतील, पण निदान एक माणूस उलट्या दिशेनं चाललेलं तिला दिसेल. आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं.

जमिनीच्या मध्यावर दंतवैद्याचा धक्का लागला. "सॉरी," म्हणाला. "तू कुठे?" म्हटलं, "तू कुठे?" त्याच्या मागे डुकरं पाळणारे दोघे भाऊ. मार्चेट्टींच्या कोपऱ्यातून बँकेचा मॅनेजर, हातात वडीसकट. डावीकडून, उजवीकडून, कोणी एकमेकांकडे न पाहता, जणू पाणी प्यायला निघालेत असे — सगळे स्कोअरबोर्डाकडे! प्रत्येकाला वाटत होतं की दया आपल्याला एकट्यालाच आलीय. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या मनातलं विचारणं इथे असभ्य.

आणि डेलांच्या भिंतीपासून, सगळ्यांत लांबून, व्हर्लिन. टोपी हातात.

आर्डिस जिथल्या तिथे थांबलेली. तो तिच्यासमोर उभा राहिला. "कुठे निघालीस?" म्हणाला. "मी आलोय ना."

"अरे देवा, व्हर्लिन," एवढंच ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

दुसरी मोजणी. ट्रूडीनं दोनदा मोजलं, कारण तिचा विश्वास बसेना. आर्डिस: एकतीस. डेल: तेवीस. मार्चेट्टी: अकरा — म्हणजे दयेच्या भरात आम्ही त्यांचाच कोपरा बुडवला! बिचाऱ्यांनी वड्यांचे डबे उचलले आणि गेले विथर्सबाईंकडे, तरी त्या सव्वीसावरच. आणि गाव पिलबीमांनी जिंकलं, जे तिथल्या निम्म्या लोकांना नको होते.

मग सगळेच टाळ्या वाजवू लागले. मीही. आर्डिस हसत होती की रडत, कळेना. दोन्ही असावं.

२० जानेवारी, मंगळवार

राज्यात डेल जिंकले. पिलबीम सगळीकडे बुडाले, फक्त आमचं गाव सोडून. टीव्हीवर एक पंडित नकाशावर आमच्या ठिपक्याला बोट लावून सांगत होता की इथल्या मतदारांना भूजलाचा प्रश्न जिव्हाळ्याचा दिसतो.

दुपारी आर्डिस आली. दार लावून घेतलं. कॉफी नको म्हणाली, म्हणजे गंभीर होतं.

"श्री बाळा, एक सांगते. कुणाला बोलू नकोस. काल मला बुडायचंच होतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"या वेळी पिलबीम आला तेव्हा त्यानं पुन्हा ब्रेकचंच विचारलं. तेच शब्द, तसंच हसणं. माणूस वाईट नाही, पाठ केलंय एवढंच. पण माझं मन उडालं. म्हटलं, मोजणी होऊ दे, कोपरा मोडू दे, मग सुटले. सरळ चालत व्हर्लिनकडे जायचं. एकेचाळीस वर्षांत एकदा तरी त्याच्या शेजारी उभं राहून बघावं."

"म्हणून कोट?"

"म्हणून कोट. पाऊल टाकलं, वर बघते तर हा समोरून येतोय. टोपी काढून! आणि त्याच्यामागे माझी सगळी बस." ती हसायला लागली. "आता ह्याला काय सांगू? म्हणतो, तुझ्यासाठी डेलला सोडलं. हा आयुष्यात पहिल्यांदा हरणाऱ्याकडे आला, आणि नेमका तोच जिंकला."

आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिनं कॉफी घेतली.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी आर्डिसकडे होतो, तेवढ्यात फोन वाजला. खुद्द पिलबीम, स्पीकरवर. आभार मानू लागले, थरावर थर. तिच्यानं राहवेना. व्हर्लिनसमोरच तिनं सगळं सांगून टाकलं — कोट, पाऊल, ब्रेक, सगळं. व्हर्लिनच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. मग तो उठला, आपली खुर्ची ओढत तिच्या खुर्चीला लावली आणि तिथे बसून खाऊ लागला.

 मग पिलबीम म्हणाले, नेहमीपेक्षा पुष्कळ लवकर लवकर, "बाई, परवा रात्री मी माघारीचं निवेदन लिहून सही करून ठेवलं होतं. तेवढ्यात तुमच्या गावाचा आकडा आला. आता मी काय करू?"

"काय करणार, साहेब," आर्डिस म्हणाली. "पोरं आत चढून बसली, की गाडी काढावीच लागते."