खुराक

कोल्हापूर, डिसेंबर १९९८

आदरणीय मगदूम सर,

निशाला फायनलसाठी परत आणायला तुम्ही मला पाठवलंत. ती येत नाही, एवढंच मी सांगितलं.

कबड्डीच्या पोरींना पगार द्या, असं ती म्हणाली तेव्हा तुम्ही हसलात. "खुराक देतोय की! दूध, अंडी. तालमीतल्या पैलवानानं कधी पगार मागितला व्हय?" आपण सामन्यांना तिकीट लावतो, हे माझ्या ओठावर आलं होतं.

आम्ही लिंगायत. माझी अंडी निशाच खायची. "तुझा पगार बी मीच खाते," म्हणायची.

आता सरावाच्या वेळी ती कापडदुकानात असते. मी गेले तेव्हा निळी साडी उलगडत होती. कापड हवेतच थांबल्यासारखं वाटलं. मी इंजिनिअरिंगला, विद्युत शाखेची. असं काही थांबत नाही हे मला कळतं. तरी दुकान पुसट झालं आणि दम धरून ती चढाईला निघालेली दिसली, पायाखालची रेषा पाण्यासारखी हलत होती.

"सर बोलावतायत," मी म्हणाले.

"पगार देणार हैत?"

"नाही."

"मग घरात काय सांगू? पगाराऐवजी शिट्टी ऐकून आले?"

गिऱ्हाईक आलं. ती वळली. मी पुन्हा विचारलं नाही.

उद्या तुम्ही संघ ठरवाल, तेव्हा मी समोर येऊन सांगेन की निशाची मागणी तीच माझी, आणि ती मान्य होईपर्यंत मी खेळणार नाही. हे पत्र देत नाही. पत्र तुम्ही फायलीला लावाल. समोर उभ्या पोरीला उत्तर द्यावं लागेल.

आपली,
सौंदर्या
उजवी कोपरारक्षक